क्ष-किरण कसे निर्माण होतात? प्रारणाविषयी वाचकांचे काही प्रश्न

रेडिएशन म्हणजेच प्रारण, आणि त्यातही विशेषतः क्ष-किरण, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे भौतिकशास्त्राच्या चौकटीत देता येतात, असे काही येथे घेतले आहेत. अमुक तपासणी करून घ्यावी की नाही, असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. तो निर्णय प्रत्यक्ष रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरांचा आहे. उरलेले प्रश्न वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. प्रारण एकूण किती आहे, हे सर्वांना विचारावेसे वाटते; त्यातील एकेका फोटॉनची, म्हणजे प्रारणाच्या एकेका पुंजाची, ऊर्जा किती आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. खालील बहुतेक उत्तरे या दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचतात.

प्रश्न : हीटरची ऊब, मोबाइलचे तरंग, सूर्यप्रकाश आणि क्ष-किरण या सर्वांना प्रारण म्हणतात. ते सर्व एकाच जातीचे असतील, तर धास्ती फक्त क्ष-किरणांचीच का?

उत्तर : आपण सांगितलेली चारही प्रारणे विद्युत्‌चुंबकीय तरंगच आहेत आणि निर्वातात ती सर्व एकाच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने प्रवास करतात. त्यांच्यात फरक आहे तो वारंवारतेचा. हे तरंग आपली ऊर्जा सलग धारेने देत नाहीत, तर फोटॉन नावाच्या ठरावीक पुंजांच्या रूपाने देतात, आणि प्रत्येक फोटॉनची ऊर्जा त्या तरंगाच्या वारंवारतेच्या प्रमाणात असते. ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजणे सोयीचे पडते. एक इलेक्ट्रॉन १ व्होल्टचे विभवांतर (व्होल्टेज) ओलांडताना जेवढी ऊर्जा मिळवतो, तेवढी १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

आता आकडे पाहा. मोबाइल आणि वाय-फाय ज्या सूक्ष्मतरंगांवर चालतात, त्यांच्या एका फोटॉनची ऊर्जा १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखाव्या हिश्शाच्या आसपास असते. दृश्य प्रकाशाचा फोटॉन साधारण १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. वैद्यकीय चित्रणातील क्ष-किरणांचा फोटॉन मात्र २० हजार ते १ लाखाच्या घरातला असतो. अणूतून किंवा रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला, म्हणजे त्याचे आयनीभवन करायला, साधारणपणे १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. हायड्रोजनच्या अणूसाठी ती १३.६ आहे. क्ष-किरणाच्या एका फोटॉनपाशी त्याच्या हजारो पट ऊर्जा असते, तर प्रकाशाच्या फोटॉनपाशी तेवढी नसतेच.

येथे स्वाभाविकच शंका येते की, कमी ऊर्जेचे पुष्कळ फोटॉन एकत्र आले तर तेच काम होणार नाही काय? नेहमीच्या परिस्थितीत होत नाही, कारण इलेक्ट्रॉन एका वेळी एकच फोटॉन शोषतो आणि ती ऊर्जा अपुरी असेल तर दुसरा फोटॉन येईपर्यंत ती जपून ठेवत नाही. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचे, म्हणजे फोटॉन शोषून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियेचे, स्पष्टीकरण दिले, ते याच तत्त्वावर. अतितीव्र लेसर झोताचा अपवाद सोडला, तर सूक्ष्मतरंग कितीही वाढवले तरी वस्तू तापते, तिचे आयनीभवन होत नाही. तापण्यानेही इजा होऊ शकते, पण ती इजा वेगळ्या प्रकारची असते. सीमारेषा अगदी धारदार आहे असेही समजू नये. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा फोटॉन ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतो. तो आयनीभवन करत नाही, तरीही पेशीतील डीएनएच्या रेणूत घातक बदल घडवू शकतो. म्हणून केवळ क्ष-किरणांनाच भ्यावे आणि उन्हाला मुळीच नाही, हे गणित चुकीचे आहे.

प्रश्न : क्ष-किरण यंत्राच्या नळीत नेमके काय असते? तिच्यात किरणोत्सारी पदार्थ भरलेला असतो का?

उत्तर : मुळीच नसतो. क्ष-किरण नलिकेत धातूचे दोन भाग आणि त्यांच्याभोवती उत्तम निर्वात, एवढेच असते. क्ष-किरण साठवलेले नसतात, वीज जोडलेली असेपर्यंत ते तयार होत राहतात.

नलिकेच्या एका टोकाला ऋणाग्र (कॅथोड) असते आणि त्यात टंगस्टनच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून विद्युत्प्रवाह सोडला की ते २,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि धातूतील काही इलेक्ट्रॉन त्या उष्णतेमुळे पृष्ठभागाबाहेर पडतात. समोर टंगस्टनचे धनाग्र (ॲनोड) असते. या दोहोंच्या दरम्यान साधारणपणे ४० हजारांपासून दीड लाख व्होल्टपर्यंतचे विभवांतर लावले जाते आणि बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे झेपावतात. विभवांतर १ लाख व्होल्ट असेल, तर काही सेंटिमीटरांचे अंतर कापून धनाग्रावर आदळताना इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून थोडा अधिक झालेला असतो. वाटेत हवेचे रेणू असते तर इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळून ऊर्जा गमावून बसले असते. निर्वात लागतो तो त्यासाठी.

आदळल्यानंतर काय होते, ते महत्त्वाचे. बहुसंख्य इलेक्ट्रॉन धनाग्रातील अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी असंख्य लहानसहान टकरा घेत ऊर्जा गमावतात आणि ती सारी उष्णता होते. क्वचित एखादा इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणुकेंद्रकाच्या फार जवळून जातो. त्या केंद्रकावर ७४ धन प्रभार असल्यामुळे इलेक्ट्रॉनचा मार्ग एकदम वळतो, वेग घटतो, आणि गमावलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. यालाच मंदन प्रारण म्हणतात, आणि रुग्णालयातील क्ष-किरणांचा बराच मोठा भाग या प्रकारचा असतो.

व्हिल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्क येथे हे किरण प्रथम आढळले, तेव्हा त्यांच्यापाशी असे धनाग्र नव्हते. विरळ वायू असलेल्या त्यांच्या नलिकेत इलेक्ट्रॉन काचेच्या भिंतीवरच आदळत होते आणि ती काचच क्ष-किरणांचा उगम होती. दूर ठेवलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा नलिका काळ्या कागदाने पूर्ण झाकलेली असतानाही चमकला, आणि शोधाची सुरुवात तेथून झाली.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात क्ष-किरणांच्या वर्णपटाचा आलेख आहे. एक गुळगुळीत उंचवटा, त्यावर दोन-तीन टोकदार सुळके, आणि उजवीकडे आलेख एका जागी अचानक शून्य होतो. या तिन्हींचे कारण काय? आणि यंत्रावर ८० किलोव्होल्ट लिहिले असेल, तर सर्व फोटॉन ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतात का?

उत्तर : हा प्रश्न फार चांगला आहे, कारण कोणत्या ऊर्जेचे फोटॉन किती, हे दाखवणाऱ्या या एका आलेखात क्ष-किरणांचे जवळजवळ सगळे भौतिकशास्त्र सामावलेले आहे.

गुळगुळीत उंचवटा मंदन प्रारणाचा. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या किती जवळून गेला, त्याआधी त्याने किती ऊर्जा गमावलेली होती, यानुसार फोटॉनच्या वाट्याला येणारी ऊर्जा शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत कितीही असू शकते. नलिकेतून मुळात कमी ऊर्जेचे फोटॉनच अधिक निघतात, पण नलिकेची भिंत आणि झोताच्या वाटेत मुद्दाम बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा त्यांना शोषून घेतो. त्यामुळे आलेख डावीकडेही खाली येतो आणि त्याला उंचवट्याचा आकार मिळतो. हे दुर्बळ फोटॉन रुग्णाच्या कातडीतच जिरले असते आणि चित्र उमटवायला त्यांचा काहीही उपयोग झाला नसता, म्हणून त्यांना आधीच अडवलेले बरे. यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते: ८० किलोव्होल्टला निघणाऱ्या झोतात फोटॉनांची सरासरी ऊर्जा त्या आकड्याच्या एकतृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान असते आणि पूर्ण ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोहोचणारे फोटॉन अगदी नगण्य असतात.

मात्र त्या मर्यादेपलीकडे एकही फोटॉन नसतो, आणि मला तरी आलेखाचा हा उजवा कडेलोट सर्वांत बोलका वाटतो. एका इलेक्ट्रॉनपाशी ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असेल, तर तो ती सगळीच्या सगळी एकाच फोटॉनला देऊ शकेल, पण त्याहून जास्त देणार कोठून? विल्यम डुएन आणि फ्रँकलिन हंट यांनी १९१५ मध्ये हा नियम मोजून दाखवला. १.२४ नॅनोमीटरला किलोव्होल्टच्या आकड्याने भागले की झोतातील सर्वांत लहान तरंगलांबी मिळते. १०० किलोव्होल्टसाठी ती ०.०१२४ नॅनोमीटर येते. प्रकाश केवळ तरंगरूप असता, तर अशी धारदार सीमा दिसण्याचे काही कारण नव्हते. याच सीमेवरून पुढे प्लांकच्या स्थिरांकाचे, म्हणजे फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांच्या गुणोत्तराचे, मूल्यही मोजले गेले.

आता सुळक्यांकडे वळू. येणारा इलेक्ट्रॉन कधीकधी टंगस्टनच्या अणूतील सर्वांत आतल्या, म्हणजे के कवचातील इलेक्ट्रॉनला बाहेर फेकतो. त्यासाठी ६९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. रिकामी झालेली जागा भरायला बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि दोन कवचांच्या ऊर्जांमधील फरक फोटॉन होऊन बाहेर पडतो. एल कवचाची बंधन ऊर्जा सुमारे १०.२ असल्यामुळे तेथून उतरणारा इलेक्ट्रॉन ५९.३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन देतो, आणि एम कवचातून उतरणारा सुमारे ६७.२ चा. या ऊर्जा टंगस्टनच्या स्वतःच्या आहेत. व्होल्टेज बदलले तरी सुळके आपली जागा सोडत नाहीत. पण व्होल्टेज ६९.५ किलोव्होल्टच्या खाली गेले, की ते नाहीसेच होतात, कारण के कवचातील इलेक्ट्रॉन उखडण्याएवढी ऊर्जाच कोणापाशी उरत नाही. अशा क्ष-किरणांना अभिलक्षणी क्ष-किरण म्हणतात. हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये निरनिराळ्या मूलद्रव्यांचे हे किरण मोजले आणि मूलद्रव्याचे आवर्त सारणीतील स्थान अणुभारावर नव्हे, तर केंद्रकावरील प्रभारावर ठरते, हे दाखवून दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले.

प्रश्न : तंत्रज्ञ यंत्रावर किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर असे दोन आकडे लावतात. दोन्ही वाढवले तर क्ष-किरण वाढतातच ना? मग दोन वेगळे आकडे कशाला?

उत्तर : मिलिअँपिअरचा आकडा दर सेकंदाला किती इलेक्ट्रॉन धनाग्रावर आदळतील, हे ठरवतो; १ मिलिअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६,२४० लाख कोटी इलेक्ट्रॉन. तो दुप्पट केला की फोटॉन दुप्पट होतात, पण त्यांच्या ऊर्जांची वाटणी तीच राहते. किलोव्होल्टचा आकडा वाढवला तर फोटॉनांची संख्याही वाढते आणि त्यांची भेदकताही, म्हणजे आलेख उंचावतो आणि उजवीकडेही पसरतो. पहिला आकडा केवळ संख्या बदलतो, दुसरा किरणांचा स्वभावच बदलतो.

हे दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असणे आज गृहीत धरले जाते. राँटगेन यांच्या काळातील नलिकांत ते तसे नव्हते. आत उरलेल्या वायूच्या दाबावर दोन्ही अवलंबून असत आणि वापरता वापरता तो दाब बदलत जाई, त्यामुळे कालची नलिका आज तसेच किरण देईल याची खात्री नसे. विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये तापवलेल्या टंगस्टन तारेची, जवळजवळ पूर्ण निर्वात असलेली नलिका बनवली, आणि तारेच्या तापमानावर इलेक्ट्रॉनांची संख्या, तर विभवांतरावर त्यांची ऊर्जा, अशी विभागणी प्रथमच साधली.

प्रश्न : दिलेल्या विजेपैकी फक्त १ टक्का ऊर्जा क्ष-किरणांत जाते असे वाचले. शंभर वर्षांहून अधिक काळात यात सुधारणा का झाली नाही?

उत्तर : कारण हा दोष यंत्राच्या बांधणीचा नाही. मंदन प्रारणाची कार्यक्षमता धनाग्राच्या अणुक्रमांकाच्या (केंद्रकावरील धन प्रभारांच्या संख्येच्या) आणि विभवांतराच्या प्रमाणात असते; टंगस्टन आणि १०० किलोव्होल्ट यांसाठी ती सुमारे ०.८ टक्के येते. एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशीच अधिक वेळा टकरा घेणार, आणि त्यात निसर्गाकडून सवलत मिळत नाही. कर्करोगावरील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या रेखीय त्वरकात इलेक्ट्रॉनची ऊर्जा कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेथे हे प्रमाण पुष्कळ सुधारते.

अभियंत्यांनी सुधारले ते उष्णतेचे व्यवस्थापन. १०० किलोव्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर म्हणजे ५० किलोवॉट शक्ती, आणि ती पडते काही चौरस मिलिमीटर जागेवर. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते, धातूंमध्ये सर्वांत उशिरा. तरीही एकाच जागी मारा झाला तर तेही टिकणार नाही. म्हणून धनाग्र तबकडीच्या आकाराचे करून मिनिटाला ३,००० ते १०,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरवतात, जेणेकरून प्रत्येक क्षणी नवा भाग झोतासमोर येईल. निर्वातात हवा नसल्यामुळे तबकडीची बहुतेक उष्णता उत्सर्जनानेच बाहेर जाते. तिच्या बेअरिंगांना तेलाचे वंगणही चालत नाही, कारण तेलाची वाफ निर्वात बिघडवील. तेथे चांदीसारख्या मऊ धातूचा पातळ थर वापरला जातो.

प्रश्न : यंत्र बंद केल्यावर खोलीत किंवा रुग्णाच्या शरीरात क्ष-किरण किती वेळ राहतात?

उत्तर : राहतच नाहीत. फोटॉन पाच मीटरची खोली सुमारे १७ नॅनोसेकंदांत ओलांडतो आणि भिंतीत, हवेत किंवा शरीरात शोषला जातो. वस्तू किरणोत्सारी व्हायची, तर तिच्या अणुकेंद्रकात बदल व्हावा लागतो. त्यासाठी बहुतेक मूलद्रव्यांच्या बाबतीत कित्येक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन लागतो आणि चित्रणातील फोटॉन जास्तीत जास्त दीड लाखाचा असतो.

प्रश्न : गॅमा किरण हे क्ष-किरणांपेक्षा जास्त ऊर्जेचे असतात, ही व्याख्या बरोबर आहे का?

उत्तर : जुन्या पुस्तकांत ती आढळते, पण टिकत नाही. आज भेद केला जातो तो उगमावरून: अणुकेंद्रकातून निघाला तर गॅमा, इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून निघाला तर क्ष-किरण. अणुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाचा गॅमा फोटॉन १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो, तर रेखीय त्वरकातील क्ष-किरणांचे फोटॉन ६ दशलक्षांपर्यंत जातात. समान ऊर्जेचे दोन फोटॉन हाती दिले, तर त्यांतला कोणता कोठून आला, हे कोणतेही शोधक उपकरण (डिटेक्टर) सांगू शकणार नाही. क्ष-किरणांसाठी खास नलिकाच हवी असेही नाही. निर्वातात चिकटपट्टी उलगडली तरी प्रभार वेगळे होऊन क्ष-किरण निघतात, असे २००८ मध्ये प्रयोगाने दिसून आले. उघड्या हवेत तसे होत नाही, तेव्हा कोणी घाबरू नये.

प्रश्न : चित्रात हाडे पांढरी का दिसतात? ती जास्त घन असतात म्हणून का?

उत्तर : घनता हे अर्धेच कारण आहे. मऊ ऊती प्रामुख्याने हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या बनलेल्या असतात; हाडांत १५ अणुक्रमांकाचे फॉस्फरस आणि २० अणुक्रमांकाचे कॅल्शियम असते. प्रकाशविद्युत परिणामाने होणारे शोषण अणुक्रमांकाच्या घनाबरोबर वाढते आणि फोटॉनच्या ऊर्जेच्या घनाबरोबर घटते, असे स्थूलमानाने म्हणता येते. त्यामुळे अणुक्रमांकातील थोडा फरकही चित्रात ठळक होतो. हाड फोटॉन अडवते, म्हणून त्याच्यामागील फिल्म काळी पडायची राहते.

ऊर्जा वाढवली की हा फरक पुसट होत जातो आणि कॉम्प्टन प्रकीर्णन वरचढ होते. त्यात फोटॉन शोषला न जाता दिशा बदलून भटकतो. ते मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर अवलंबून असते, अणुक्रमांकावर फारसे नाही. स्तनांच्या चित्रणात बारीक फरक दिसायला हवे असतात, म्हणून तेथे ३० किलोव्होल्टच्या आसपासचे व्होल्टेज निवडतात, तर छातीच्या चित्रणात फुप्फुसावर बरगड्यांची छाप कमी पडावी म्हणून अनेकदा १०० किलोव्होल्टच्या वर जातात. पोटाच्या तपासणीत बेरियम आणि रक्तवाहिन्यांसाठी आयोडीन देतात, तेही त्यांचे अणुक्रमांक ५६ आणि ५३ असल्यामुळे. शिसे पडद्यासाठी वापरले जाते त्याचे कारणही त्याचा अणुक्रमांक ८२ आणि त्याला जोडून असलेली मोठी घनता. अर्ध्या मिलिमीटरचा शिशाचा अंगरखा तंत्रज्ञाला वाचवतो तो मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेल्या फोटॉनांपासून. मूळ झोताच्या वाटेत त्याने उभेच राहायचे नसते.

प्रश्न : पूर्ण शरीराला ४ ग्रे मात्रा मिळाली तर ती प्राणघातक ठरू शकते असे म्हणतात. पण ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे १ ज्यूल. एवढ्या किरकोळ ऊर्जेने माणूस कसा दगावेल? आणि ग्रे, सीव्हर्ट, बेक्वेरेल यांत फरक काय?

उत्तर : आपला हिशेब अगदी बरोबर आहे. किलोग्रॅमला ४ ज्यूल ऊर्जेने पाण्याचे तापमान १ अंशाच्या फक्त हजाराव्या हिश्शाने वाढते. साध्या तापात याहून कितीतरी अधिक उष्णता शरीर सहन करते. तरीही उपचार न मिळाल्यास एवढ्या मात्रेने साधारण निम्मी माणसे दगावतात. ऊर्जा सर्व रेणूंत समान वाटली गेली असती, तर काहीही झाले नसते. पण ती मोजक्या जागी एकवटते. ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन शोषला गेला, की सुटलेला इलेक्ट्रॉन आपल्या तोकड्या मार्गावर शेकडो आयनीभवने घडवतो. पाण्याचे रेणू फुटून अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते, किंवा तो इलेक्ट्रॉन स्वतः, डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो बहुधा दुरुस्त करते. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटले, तर दुरुस्ती चुकण्याची शक्यता वाढते, आणि सतत विभाजन होणाऱ्या अस्थिमज्जेतील पेशींना त्याचा फटका सर्वांत आधी बसतो.

चित्रणातील मात्रा या पातळीपासून फार दूर असते. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची प्रभावी मात्रा ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते, तर जमीन, हवेतील रेडॉन हा किरणोत्सारी वायू आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे माणसाला वर्षाकाठी जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. सीटी स्कॅनची मात्रा मात्र कित्येक मिलिसीव्हर्ट असू शकते. दोन्हींना एकाच मापाने हलके किंवा भारी ठरवणे योग्य नाही.

एककांविषयी थोडक्यात: ग्रे हे शोषलेल्या ऊर्जेचे माप आहे. सीव्हर्ट त्याच ऊर्जेला प्रारणाचा प्रकार आणि अवयवाची संवेदनशीलता यांचे वजन देऊन हानीच्या शक्यतेविषयी बोलते. क्ष-किरणांसाठी प्रारणाच्या प्रकाराचा गुणक १ आहे, अल्फा कणांसाठी २०. बेक्वेरेल यांहून अगदी निराळे आहे. दर सेकंदाला किती अणुकेंद्रकांचे विघटन होते, तो आकडा म्हणजे बेक्वेरेल, त्यामुळे तो किरणोत्सारी पदार्थालाच लागू पडतो, क्ष-किरण यंत्राला नाही.